मागाच्या खोलीतली डबी

३ नोव्हेंबर

ही वही नर्सबाईंनी दिली. पुढच्या पानांवर घरांची यादी लिहायची, मागची पानं उरतील ती तुझी, म्हणाल्या. मी काय लिहू, असं मला विचारायचं होतं. विचारलं नाही, नुसती बघत राहिले. त्यांना कळलं बहुतेक. म्हणाल्या, तोंडाने बोलत नाहीस ते लिही.

तर झालं असं की काल आरोग्य केंद्रात सगळ्यांना बोलावलं होतं. आमचं गाव खडकावर आहे, आणि त्या खडकातून एक वायू वर येतो. नाव रेडॉन. तो बंद खोल्यांत साठतो आणि वर्षानुवर्षं छातीत जात राहिला तर फुप्फुसाचा कॅन्सर होऊ शकतो. दिसत नाही, वास येत नाही, त्रासही काही जाणवत नाही. शेजारचा लंबूकाका लगेच म्हणाला, म्हणजे माझ्या मेहुण्याच्या अकलेसारखं. मेहुणा शेजारीच बसला होता. सगळे हसले.

बाबा मागे बसले होते. ते हसले नाहीत. नर्सबाई सांगत होत्या की जमिनीखालच्या खोल्यांत जास्त असतो, तेव्हा बाबा उठून बाहेर गेले. खोकला आला असेल.

घरोघर वायू मोजायच्या डब्या लावायला नर्सबाईंनी मला निवडलं. सगळ्यांसमोर. माझे कान तापले. आत्या म्हणाली, अहो बाई, ही मुकी काय सांगणार लोकांना? नर्सबाई म्हणाल्या, सांगायला मी आहे, हिने फक्त नीट लिहायचं.

शाळा सोडल्यापासून मी दोन वर्षांत लिहिलंच नव्हतं. नववीत मास्तरांनी धडा वाचायला उभं केलं आणि आवाजच फुटला नाही. अख्खा तास तशीच उभी. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी मी गेले नाही, आणि मग गेलेच नाही. बाबा विणकर. त्यांनी आईचा सुताचा रहाट पुसून दिला आणि म्हणाले, मागासाठी सुताच्या कांड्या भर.

६ नोव्हेंबर

सव्वीस घरं. डबी काळी, प्लास्टिकची, काडेपेटीपेक्षा थोडी मोठी. सगळ्यात खालच्या वापरातल्या खोलीत टांगायची, तीन महिने हलवायची नाही, पुसायची नाही, उघडायची नाही. नर्सबाईंनी हे सगळं कार्डावर लिहून दिलंय. मी दार वाजवते आणि कार्ड पुढे करते. ज्यांना वाचता येत नाही त्यांना बोटाने खिळा दाखवते. बोलावं लागलंच नाही फारसं. एका आजींनी विचारलं, कोणाची गं तू? तेवढं सांगितलं.

आपल्या घरची उद्या लावणार.

७ नोव्हेंबर

आपली डबी बाबांनी माझ्या हातातून घेतली. दे इकडे, मी लावतो. खाली गेले आणि खिळा ठोकल्याचा आवाज आला.

इथे लिहून ठेवते, नाहीतर कोणी वाचलं तर कळायचं नाही. (कोण वाचणार आहे.) मागाची खोली म्हणजे स्वयंपाकघरातून चार पायऱ्या खाली, खडकात खणलेली. माग खड्ड्यात बसवलाय, विणताना पाय खड्ड्यात सोडून बसायचं. छताजवळ एकच खिडकी, तीही चिंध्या कोंबून बंद, वर ओलं पोतं. हवा ओली राहिली तर धागा तुटत नाही. वारा लागला की तटातट तुटतो. गावात पाच माग आहेत, पाचही असेच कोंडलेले. माझा रहाट बाबांच्या उजव्या हाताला असतो. ते विणतात, मी कांड्या भरते, कोणी बोलत नाही. मला ती खोली सगळ्यात आवडते.

आवडायची म्हणायला पाहिजे. कारण आज संध्याकाळी बाबांनी रहाट उचलून वर नेला, स्वयंपाकघराच्या खिडकीशी ठेवला. इथे उजेड आहे, म्हणाले. दोन वर्षं खालचा उजेड पुरला की.

माझ्या कांड्या सैल होत असणार. सैल कांडी धोट्यात अडकते आणि आडवा धागा नीट जात नाही. सांगायचं ना सरळ.

२ डिसेंबर

नर्सबाईंबरोबर सगळी घरं फिरून आले, डब्या जागेवर आहेत का बघायला. एका आजींनी डबी रुमालात गुंडाळून ट्रंकेत ठेवून कुलूप लावलं होतं. सरकारी वस्तू, हरवली तर? एका घरी फ्रिजमध्ये. एकाने अंगणात झाडाला टांगलेली, म्हणे आकडा चांगला यावा म्हणून. नर्सबाई हसल्या नाहीत. त्याला म्हणाल्या, वजन करताना एक पाय जमिनीवर ठेवल्यासारखं झालं हे. या तिन्ही घरी नवीन डब्या लावल्या, तारीख बदलून लिहिली.

आपल्या घरी नर्सबाई दारातच थांबल्या. बाबा विणत होते, खालून म्हणाले, आहे जागेवर, कशाला उतरताय, पायऱ्या निसरड्या आहेत. मग आम्ही पुढे गेलो.

बाबांना हल्ली साफसफाईचं वेड लागलंय. मला खाली येऊच देत नाहीत. चहा नेला तर वरच्या पायरीवरच घेतात. म्हणे तुझ्या अंगावर तूस बसेल. कापसाचं तूस अंगावर बसलं म्हणून आजवर कोणी मेलं नाही.

१९ जानेवारी

बाबांना खोकला. आत्या म्हणाली, छातीचा फोटो काढून ये. बाबा म्हणाले, दोन ठाण विणून होऊ देत. आत्या म्हणाली, हेच मागच्या वर्षी म्हणाला होतास. बाबा म्हणाले, मग तुला पाठ झालं असेल, पुन्हा कशाला विचारतेस.

८ फेब्रुवारी

डब्या गोळा केल्या. नंतर लावलेल्या तीन सोडून. प्रत्येक डबी पिशवीत घालून सील करायची, वर घराचा नंबर. लंबूकाकाच्या मागाच्या खोलीतली डबी तर मांजरीच्या पिल्लासारखी दिसत होती, इतकं तूस बसलेलं. मी पुसायला गेले तर नर्सबाईंनी हात धरला. आहे तशी.

आपली डबी बाबांनी सकाळीच काढून कागदात गुंडाळून स्वयंपाकघराच्या कट्ट्यावर ठेवली होती. काय स्वच्छ. दिली तशीच परत, एक धागा नाही वर. मला बरं वाटलं, सगळ्यात नीट आपणच ठेवली. नर्सबाईंनी ती उलटसुलट करून बघितली आणि मला विचारलं, खालीच होती ना गं? मी हो म्हटलं. त्या थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिल्या, मग सील लावलं.

१४ मार्च

आकडे आले. शंभरच्या आत असला तर छान, तीनशेच्या वर गेला तर उपाय करायलाच हवा. आपला अठ्ठेचाळीस. मी पळत घरी आले आणि दारातूनच आकडा सांगितला, चक्क मोठ्याने. आत्याने हातातला तांब्या खाली ठेवला आणि डोळे पुसले. मग शेजारी जाऊन तीनदा सांगून आली, तिसऱ्यांदा त्याच घरी.

बाबांनी विचारलं, किती? मी परत सांगितलं. बरं, म्हणाले आणि तोंड धुवायला गेले. खूप वेळ धूत होते.

मी विचारलं, आता रहाट खाली नेऊ? नको म्हणाले.

बाकी चारही मागांच्या खोल्यांचे आकडे वाईट. सगळ्यात जास्त लंबूकाकाचा, नऊशे दहा.

१६ मार्च

वाईट झालं. दुरुस्तीची माणसं एप्रिलमध्ये येणार आहेत, खर्च आरोग्य खात्याचा, फक्त घरमालकाने हो म्हणायला हवं. आणि विणकरांतलं कोणीच हो म्हणत नाहीये. लंबूकाकाने केंद्रात येऊन सगळ्यांदेखत सांगितलं की त्याची खोली आणि आमची खोली यांच्यात एक भिंत आणि एक परस आहे. खडक एक, खड्डा एक, दोघांच्या बापांनी एकाच कुदळीने खणलेला. मग माझ्याकडे नऊशे आणि याच्याकडे अठ्ठेचाळीस? वायू काय माणूस बघून घरात शिरतो? डब्याच खोट्या. बाकीचे विणकर म्हणाले, बरोबर आहे.

मग माझ्याकडे वळून म्हणाला, तुझ्यावर राग नाही हो डबीवाली, तू काय, दिली ती लावलीस.

त्याची मुलगी बाळंतपणाला आलीये. दुपारी बाळाला मागाच्या खोलीत निजवतात, तिथे थंड असतं म्हणून. नर्सबाईंनी सांगितलं बाळाला वर निजवा. लंबूकाका म्हणाला, आमची सगळी पोरं तिथेच वाढली.

तो बोलला ते डोक्यातून जात नाही. एकच खडक.

१८ मार्च

बाबा सूत आणायला गेले होते. आत्याला सांगितलं झाडायला जाते आणि खाली उतरले. चार महिन्यांनी. मागाचा वास तोच, ओल्या सुताचा.

खिळा सापडला. भिंतीलगतच्या तुळईला ठोकलाय, मागाच्या डाव्या अंगाला. त्याच्यावर तूस बसलंय, चांगलं जाड, टोपीसारखं. भिंतीवरही सगळीकडे सारखं. तीन महिने तिथे डबी टांगलेली असती तर तिच्यामागे भिंत स्वच्छ राहिली असती ना. दोरी काढताना खिळ्यावरचं तूस पुसलं गेलं असतं. पाच आठवड्यांत एवढं जमत नाही, हे मला माहीत आहे, मी या खोलीत वाढलेय.

आणि मग ती कागदातली डबी आठवली, एक धागा नसलेली. मी शाबासकीच्या नजरेने बघत होते तिच्याकडे. गाढव मी.

डबी इथे नव्हतीच. बाबांनी खिळा ठोकला, आम्हाला ऐकू यावा म्हणून, आणि डबी दुसरीकडे नेली.

का? झाडाला टांगणाऱ्या माणसासारखं? पण बाबा तसे नाहीत. ठाणात चार धागे चुकले तर वीतभर उसवून परत विणतात, गिऱ्हाइकाला कळणारही नसतं तरी.

मी सांगितलं नाही तर कोणाला कळणार नाही. सांगितलं तर बाबांची गावात मान खाली जाईल. आणि नाही सांगितलं तर ते बाळ दुपारी तिथेच निजणार.

१९ मार्च

आज विचारायचं होतं. नाही विचारलं.

२० मार्च

आजही नाही. जेवताना तोंड उघडलं, मग मीठ मागितलं.

२१ मार्च

विचारलं.

सकाळी बाबा विणत होते. मी चहा घेऊन वरच्या पायरीवर थांबले नाही, तिसरीपर्यंत उतरले. ते म्हणाले, वर जा. मी गेले नाही. नववीत उभी होते तसंच झालं. धोटा इकडून तिकडे चार-पाचदा गेला.

"बाबा, डबी कुठे होती?"

धोटा थांबला. "कुठली डबी?"

"खिळ्यावर तूस आहे."

ते खिळ्याकडे बघत राहिले. मग न तुटलेलाच एक धागा चाचपत बसले. मला वाटलं आता ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"माळ्यावर," म्हणाले. "खिडकीच्या बाहेर टांगली होती."

मी "का?" असं विचारलं नाही, पण उभी राहिले. मग ते बोलले. मी त्यांना इतकं बोलताना कधी ऐकलं नाही. आई लग्न होऊन आली तेव्हा रहाट वर स्वयंपाकघरात असायचा. बाबांनीच खाली आणला, तेवढ्याच गप्पा होतील म्हणून. नऊ वर्षं ती त्यांच्या उजव्या हाताला बसली. मग तिला दम लागायला लागला. मी पाच वर्षांची असताना गेली. मला एवढंच माहीत होतं की दम लागायचा.

"त्या बाईने सभेत सांगितलं ना, बंद खोली, जमिनीखालची, छाती. मी तिथेच समजलो. आकडा मोठा आला असता तर मग काय राहिलं? मीच बसवलं होतं तिला इथे. डबीत आकडा नसला तर निदान..." पुढचं वाक्य त्यांनी सोडून दिलं.

मी म्हटलं, "म्हणून मला वर पाठवलंत?"

"तेवढं तरी करता येत होतं."

"आणि तुम्ही खाली बसलात."

"माझं काय."

मला रडू यायला लागलं म्हणून मी भलतंच बोलले. म्हटलं, मला वाटलं माझ्या कांड्या सैल होतात. बाबा माझ्याकडे असे बघायला लागले जणू मी कुठली दुसरीच भाषा बोलतेय.

"तुझ्या कांड्या तिच्यापेक्षा चांगल्या आहेत," म्हणाले. "तिच्या सैल व्हायच्या. मी कधी बोललो नाही तिला."

चहा गार झाला होता. तोच प्याले.

२२ मार्च

नर्सबाईंना मी सांगितलं, तोंडाने. मध्ये दोनदा अडकले पण सांगितलं. त्यांना फार आश्चर्य वाटलं नाही. डबी बघितली तेव्हाच शंका आली होती, म्हणाल्या, पण पुरावा नव्हता, आणि वही तुझी आहे, चूकही तूच दुरुस्त करावीस असं वाटलं. मग पेन दिलं. मी अठ्ठेचाळीसवर आडवी रेघ मारली आणि पुढे लिहिलं, डबी मागाच्या खोलीत नव्हती.

आईचंही सांगितलं. नर्सबाई तेव्हा इथे नव्हत्या. आईला दाखवलं होतं त्या मोठ्या हॉस्पिटलातून कागद मागवते, म्हणाल्या.

लंबूकाकाकडे मी जाणार होते. बाबा म्हणाले, तू थांब, आणि चप्पल घालून निघाले. मी परसातून ऐकत होते. बाबांनी सगळं सांगितलं, आईचं सोडून.  लंबूकाका म्हणाला, "म्हणजे तुझ्या माळ्याची तब्येत उत्तम आहे. अभिनंदन." मग दोघंही हसल्याचं ऐकू आलं. बाबांना खोकला आला, लंबूकाकाने आत हाक मारून पाणी मागितलं, आणि त्याच आवाजात मुलीला सांगितलं की पाळणा वर घे.

२९ मार्च

नर्सबाईंनी आठवडाभर मागाच्या खोलीत मशीन ठेवलं होतं, आकडा तिथल्या तिथे दाखवणारं. आठशे सत्तर. बाबा रोज उठून बघायचे. पळवाट काढली नाही, खिडकीतली चिंधीसुद्धा हलवली नाही. चारही विणकर एकेक करून येऊन आकडा बघून गेले. लंबूकाका म्हणाला, माझा जास्त आहे. जसं काही बक्षीस आहे. आणि तिथेच हो म्हणाला. मग बाकीचेही.

बाबा छातीचा फोटो काढायला गेले. आत्या बरोबर गेली, पळून जाईल म्हणून.

४ एप्रिल

आज दोन गोष्टी झाल्या. कुठली आधी लिहू.

बाबांचा फोटो चांगला आला. डॉक्टर म्हणाले खोकला सुताच्या धुळीचा आहे, नाकातोंडाला फडकं बांधा. वर्षातून एकदा दाखवत जा. आत्या म्हणाली, फडकं मी बांधते, घट्ट.

दुसरं. आईचे कागद आले. नर्सबाई स्वतः घरी घेऊन आल्या. बाबा उभेच होते, बसा म्हटलं तरी बसेनात. नर्सबाईंनी वाचून दाखवलं. आईला लहानपणी ताप आला होता, त्यात हृदयाची झडप खराब झाली. लग्नाच्या कितीतरी आधी. दम त्याचा होता. फुप्फुसं स्वच्छ होती, तसं वेगळं लिहिलंय.

"खोलीचा?" बाबांनी विचारलं.

"काही संबंध नाही," नर्सबाई म्हणाल्या. "यात त्या वायूचा काहीही संबंध नाही. उलट बसून काम होतं ते बरंच होतं तिला."

बाबा म्हणाले, हे तेव्हा कोणी सांगितलं का नाही? आत्या हळूच म्हणाली की सांगितलं होतं रे. ती गेली त्या दिवशी डॉक्टर तुझ्यासमोर उभा राहून सांगत होता. तू हो हो म्हणत होतास. तू ऐकत नव्हतास हे मला आत्ता कळतंय.

बाबांनी नर्सबाईंना परत वाचायला सांगितलं. मग तिसऱ्यांदा नर्सबाईंचा घसा बसला म्हणून मी वाचलं. पूर्ण पान. अडकले नाही. लक्षातच आलं नाही मी मोठ्याने वाचतेय ते, आत्ता लिहिताना आलं.

मग बाबा बसले. स्वयंपाकघराच्या जमिनीवरच.

२३ एप्रिल

दुरुस्तीवाले आले. लादी फोडून खाली नळी घातली, ती भिंतीवरून छपराच्या वर काढली, मध्ये छोटा पंखा. भेगा बुजवल्या, मागाचा खड्डा आतून सिमेंटने लिंपला. विणकरांना एकच काळजी, खोली कोरडी पडेल आणि धागा तुटेल. बरोबरचा वायरमन पाचव्यांदा तेच समजावत होता की पंखा खोलीतली हवा ओढत नाही, लादीखालची ओढतो. लंबूकाका म्हणाला, लिहून दे. त्याने खरंच लिहून दिलं, गंमत म्हणून, पण लंबूकाकाने घडी करून खिशात ठेवलं.

२ मे

धागा तुटत नाही.

११ मे

मशीनचा आकडा एकाहत्तर. लंबूकाकाचा चौऱ्याऐंशी. तो नाराज आहे, आता कमी असण्यात त्याला पुढे जायचंय. बाळ मात्र वरच निजतं, त्याला तिथली खिडकी आवडते.

नर्सबाईंनी सगळ्या मागांच्या खोल्यांत पुन्हा डबी लावायला सांगितली, पुरे तीन महिने. आपली मी लावली. त्याच खिळ्यावर. बाबा बघत होते.

शेजारच्या गावातही डब्या लावायच्यात. नर्सबाईंनी विचारलं येशील का. तिथे मला कोणी ओळखत नाही, कार्ड पुढे केलं तरी प्रश्न विचारतील. मी येते म्हटलं.

३० मे

संध्याकाळी शेजारच्या गावाहून आले तर स्वयंपाकघराच्या खिडकीशी रहाट नव्हता. आत्याला विचारलं. ती म्हणाली, मला काय विचारतेस, ज्याने नेला त्याला विचार.

खाली उतरले. रहाट बाबांच्या उजव्या हाताला होता. खाली नवीन पोतं अंथरलेलं. बाबांच्या तोंडाला फडकं, त्यामुळे हसत होते की नाही कळलं नाही.

"कांड्या संपल्यात," म्हणाले.

संपल्या नव्हत्या, टोपलीत आठ-दहा दिसत होत्या. मी बसले आणि भरायला लागले.

डबीवर तूस बसायला लागलंय.